तापमान सांगणारा उजेड आणि पुण्याच्या भट्ट्या

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

चीनने एप्रिल २०२५ मध्ये सात दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हापासून मराठी वृत्तपत्रांत या मूलद्रव्यांविषयी जितके लिहून आले तितके त्याआधीच्या कित्येक वर्षांत आले नसेल. चाकणच्या वाहन कारखान्यांना चुंबकांची टंचाई कशी जाणवेल, विजेवरच्या गाड्यांचे काय होईल, ही चर्चा आवश्यक होती आणि आपल्या पत्रानेही ती केली. मात्र ती वाचताना ही मूलद्रव्ये चुंबकांखेरीज कशाच्याच उपयोगाची नाहीत, असा समज होऊ शकतो, याची मला खंत वाटते. त्या सातांपैकी यट्रियम आणि डिस्प्रोशियम ही दोन नावे वाचताना मला चुंबक आठवले नाहीत, भट्टी आठवली. भोसरीतील उष्मोपचाराच्या (धातूचे भाग तापवून-निववून त्यांत हवे ते गुण आणण्याच्या) एका कारखान्यात, म्हणजे ज्याला आम्ही सगळे हीट ट्रीटमेंट शॉप म्हणतो तेथे, उपकरण विभागात मी चौतीस वर्षे नोकरी केली, आणि तापमान खरे किती आहे या एकाच प्रश्नाने त्यातली बहुतेक वर्षे खाल्ली. या मूलद्रव्यांचे प्रकाशणारे चूर्ण वापरून तापमान मोजता येते, आणि पुण्यासारख्या शहराने हे तंत्र आपलेसे करायला हवे, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आधी नावांविषयी थोडे लिहिणे भाग आहे. ‘दुर्मिळ’ हा शब्द फसवा आहे. पृथ्वीच्या कवचात सिरियम जवळजवळ तांब्याइतके आहे, आणि या कुटुंबातील अतिशय विरळ समजले जाणारे थुलियमसुद्धा चांदीपेक्षा जास्त आहे. ही मूलद्रव्ये एका जागी साठलेली सापडत नाहीत आणि एकमेकांपासून वेगळी करणे जिकिरीचे असते, म्हणून ती दुर्मिळ. दुसरा घोटाळा फॉस्फर या शब्दाचा. फॉस्फर म्हणजे फॉस्फरस नव्हे. एका रूपातली ऊर्जा घेऊन ती प्रकाशाच्या रूपात परत देणाऱ्या पदार्थाला फॉस्फर म्हणतात, आणि त्यात फॉस्फरसचा कणही नसू शकतो. तिसरा घोटाळा आपला खास आहे. चमकणाऱ्या प्रत्येक वस्तूला आपण ‘रेडियम’ म्हणतो. गाडीच्या नंबरप्लेटवर ‘रेडियम’ लावून देणारी दुकाने रस्तोरस्ती आहेत, पण त्या पट्ट्या समोरून आलेला उजेड फक्त परत फेकतात. मुलांच्या खोलीत छताला चिकटवलेल्या, दिवा मालवल्यावर हिरवट उजळणाऱ्या चांदण्यांनाही रेडियमच म्हणतात; त्यांतही आता रेडियम नसते. चांगल्या प्रतीच्या चांदण्यांत स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेट असते आणि त्यात युरोपियम व डिस्प्रोशियम ही दोन दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये चिमूटभर मिसळलेली असतात.

या चांदणीवर घरच्या घरी एक प्रयोग करता येतो, आणि वाचकांनी तो जरूर करून पाहावा. सारख्या दोन चांदण्या दिव्याखाली पाच मिनिटे ठेवाव्यात. मग एक फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात टाकावी आणि दुसरी टेबलावर ठेवावी. दहा मिनिटांनी अंधारात दोन्ही शेजारी धरल्या की गार चांदणी मलूल दिसते. ती तळहातात धरून ठेवली, की हाताच्या उबेने हळूहळू उजळते आणि थोड्या वेळाने टेबलावरच्या चांदणीलाही मागे टाकते. प्रकाश पिऊन साठवलेली ऊर्जा स्फटिकातील सापळ्यांत अडकलेली असते, उष्णतेच्या धक्क्याने ती सुटते, आणि गारठ्यात हे सुटणे मंदावते. उजेड आणि तापमान यांचे नाते इतके सरळ डोळ्यांना दिसते. मात्र या चांदणीच्या उजेडाकडे पाहून तापमान सांगता येणार नाही, कारण तो उजेड तिने आधी किती प्रकाश प्यायला आणि किती वेळ गेला यांवरही अवलंबून असतो. तापमापक व्हायचे तर उजेडातली अशी एखादी गोष्ट धरायला हवी, जी फक्त तापमानाने बदलते.

ती कोणती, हे सांगण्याआधी नेहमीच्या साधनांची अडचण सांगतो, कारण अडचण कळल्याशिवाय या चूर्णाचे मोल कळायचे नाही. कारखान्यात तापमान मोजण्याची दोन मुख्य साधने असतात, थर्मोकपल आणि पायरोमीटर. थर्मोकपल म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा सांधा. आमच्याकडे सर्रास वापरला जाणारा के टाइपचा थर्मोकपल एका अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट इतकाच विद्युतदाब देतो. शांत भट्टीत तो उत्तम काम करतो, पण इंडक्शन हार्डनिंगमध्ये, म्हणजे चुंबकीय क्षेत्राने पोलादी भाग (आमच्या भाषेत जॉब) तापवून, झटकन थंड करून कडक करण्याच्या कामात, जॉबभोवतीच्या तांब्याच्या कॉइलमधून काही हजार हर्ट्झचा प्रचंड प्रवाह वाहत असतो, आणि त्या चुंबकीय क्षेत्रात ही तार अँटेनासारखी वागते. मायक्रोव्होल्टांत बोलणाऱ्या तारेचा आवाज त्या गोंगाटात कोणाला ऐकू येणार? पायरोमीटर लांबून, तापलेल्या पृष्ठभागाने बाहेर टाकलेल्या उष्णकिरणांवरून तापमान काढतो. त्याला त्या पृष्ठभागाची उत्सर्जकता, म्हणजे तो किती सहज उष्णकिरण बाहेर टाकतो, हे आधी सांगावे लागते. चकचकीत पोलादाची उत्सर्जकता कमी, ऑक्साइडचा थर चढलेल्या पोलादाची कितीतरी जास्त. जॉब तापत असतानाच त्यावर या ऑक्साइडचा खवला धरतो, मध्येच त्याचा पोपडा उडतो, आणि पायरोमीटरवरचा आकडा तापमान न बदलताही बदलतो.

१९९० च्या दशकातली एक गोष्ट मी अजून विसरलेलो नाही. गिअरच्या एका नव्या नमुन्याचे इंडक्शन हार्डनिंग बसवायचे होते. दाताच्या मुळाशी थर्मोकपल स्पॉट वेल्ड करून आम्ही चाचणी घेतली. पॉवर चालू केली की आकडा तीस-चाळीस अंशांनी उड्या मारायचा आणि बंद केली की खाली यायचा. पॉवर बंद झाल्या क्षणीचा आकडा खरा धरायचा, असा आमच्याकडे रिवाज होता. पण दाताच्या मुळाजवळची उष्णता आतल्या थंड भागाकडे इतक्या वेगाने पसरते, की आकडा स्थिरावेपर्यंत ते तापमान राहिलेलेच नसते. आम्हाला आकडा कमी दिसला, म्हणून आम्ही तापवण्याचा वेळ वाढवला. पाण्याचा फवारा झाल्यावर गिअर वरून निर्दोष दिसत होते. क्रॅक तपासणीच्या टेबलावर अतिनील दिव्याखाली मात्र दातांच्या मुळाशी केसासारख्या हिरव्या रेघा उमटल्या, एकावर, मग दुसऱ्यावर, मग सबंध ट्रेवर. एकशे बारा गिअर भंगारात गेले. पाळीवरच्या ऑपरेटरला मेमो मिळाला. वास्तविक त्याने आम्ही दिलेला वेळ सेकंदाच्या दशांशापर्यंत पाळला होता, चूक आमच्या मोजमापाची होती, आणि हे मी तेव्हाही लेखी दिले होते.

या सगळ्याची आठवण गेल्या वर्षी भाचीच्या प्रयोगशाळेत झाली. ती पुण्यातच भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करते. तिच्या प्रबंधाचे चूर्ण पाहायला तिने मला मुद्दाम बोलावले. यट्रियम ऑक्साइडमध्ये अर्बियम आणि यटर्बियम अगदी थोडे मिसळून तिने ते स्वतः तयार केले होते. नायट्रेटच्या द्रावणात युरिया घालून ते पाचशे अंशांच्या मफल भट्टीत ठेवले, की काही मिनिटांत ते उकळते, फसफसते, भपकन पेट घेते आणि क्रूसिबलमध्ये पांढरा, फेसासारखा हलका भुगा उरतो. ज्वलनाने ऑक्साइड बनवण्याची ही युक्ती बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. के. सी. पाटील आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९८० च्या दशकात विकसित केली आणि आज ती जगभर वापरली जाते, ही माहितीही मला तिच्याकडूनच मिळाली. त्या भुग्याची चिमूट तिने तांब्याच्या एका तुकड्यावर थापली, तो हॉट प्लेटवर ठेवला, आम्ही दोघांनी विशिष्ट चष्मे घातले आणि तिने ९८० नॅनोमीटरचा लेसर सुरू केला. हा किरण अवरक्त असतो, डोळ्यांना मुळीच दिसत नाही, आणि म्हणूनच चष्म्याशिवाय तो धोक्याचा असतो. काहीच दिसत नसलेल्या त्या हवेतून पांढऱ्या चुर्‍यावर एकदम पोपटी हिरवा ठिपका उमटला. संगणकाच्या पडद्यावरील आलेखात त्या हिरव्या प्रकाशाचे दोन उंचवटे झाले होते, डावीकडचा ५२५ नॅनोमीटरच्या आसपासचा बुटका, उजवीकडचा ५५० च्या आसपासचा उंच. तिने हॉट प्लेटचे बटण फिरवले आणि म्हणाली, “मामा, आता नुसता डावीकडे बघ.” प्लेट तापू लागली तसा बुटका उंचवटा शेजाऱ्याच्या मानाने वर येऊ लागला. तिने लेसरची ताकद निम्मी केली. दोन्ही उंचवटे एकदम खाली बसले, पण त्यांचे परस्पर प्रमाण होते तेच राहिले. त्या क्षणी मला आमचे एकशे बारा गिअर आठवले.

हे प्रमाण का बदलते, हे थोडक्यात सांगतो. दुर्मिळ मृदांचा प्रकाश ज्या इलेक्ट्रॉनांमुळे निघतो, ते अणूच्या बाहेरच्या कवचांच्या आड बसलेले असतात. वाड्याच्या माजघरात बसलेल्या माणसाला दिंडीदरवाजाबाहेरचा गलबला फारसा ऐकू येत नाही, तसे आजूबाजूच्या स्फटिकाचे या इलेक्ट्रॉनांना फारसे काही जाणवत नाही. म्हणून त्यांच्या प्रकाशाच्या रेषा बारीक आणि ठरलेल्या जागी असतात. अर्बियममध्ये हिरवा प्रकाश देणाऱ्या दोन ऊर्जापातळ्या एकमेकींच्या अगदी जवळ आहेत. त्यांच्यातील अंतर जेमतेम ०.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे. तापमान वाढले की खालच्या पातळीवरचे काही इलेक्ट्रॉन उष्णतेच्या जोरावर वरच्या पातळीवर चढतात, आणि किती चढतील हे बोल्ट्झमनच्या नियमाने ठरते. केल्व्हिन या एककाची व्याख्याच २० मे २०१९ पासून बोल्ट्झमन स्थिरांकावर बेतलेली आहे, म्हणजे हे चूर्ण तापमानाच्या मूळ कायद्याचीच भाषा बोलते. खोलीच्या तापमानाला एका अंशाने प्रमाण एक टक्क्याहून थोडे अधिक बदलते. पृष्ठभाग चकचकीत आहे की खवल्याचा, चूर्ण जाड लागले की पातळ, लेसर जोरात आहे की मंद, यांचा परिणाम दोन्ही रंगांवर जवळजवळ सारखाच होत असल्याने भागाकारात तो निघून जातो.

एक दुसरी पद्धत आहे आणि भट्टीवाल्यांच्या दृष्टीने माझ्या मते तीच अधिक मोलाची आहे. चूर्णावर लेसरचा क्षणभराचा झोत टाकायचा आणि तो बंद झाल्यावर चूर्णाचा उजेड किती वेळात विझतो, ते मोजायचे. देवळातली घंटा जोरात वाजवली काय किंवा हळू वाजवली काय, तिचा नाद किती वेळ रेंगाळायचा हे घंटेच्या घडणीवर ठरते. तसेच हे आहे. यट्रियम अॅल्युमिनियम गार्नेटमध्ये डिस्प्रोशियम घातले, तर हा उजेड साधारण एक मिलिसेकंद रेंगाळतो, आणि तापमान सुमारे १,१०० अंश सेल्सियसच्या पुढे गेले की रेंगाळणे झपाट्याने कमी होत जाते. ज्या टप्प्यात साध्या थर्मोकपलची तार झिजून दगा देऊ लागते, नेमक्या त्या टप्प्यात हे चूर्ण बोलू लागते. विमानाच्या टर्बाइनच्या पात्यांचे तापमान असे मोजतात.

ही कल्पना नवी नाही. फॉस्फरने तप्त वस्तूंचे तापमान पाहण्याचे पेटंट पॉल नॉयबर्ट यांनी अमेरिकेत १९३७ मध्ये घेतले होते, आणि १९८० च्या दशकात काचेच्या तंतूच्या टोकावर फॉस्फर बसवलेले तापमापक बाजारातही आले. काचेच्या तंतूतून फक्त प्रकाश जातो, वीज जात नाही. म्हणून एमआरआय यंत्रात, मायक्रोवेव्हमध्ये आणि उच्चदाबाच्या ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांतही तो निर्धास्त सोडता येतो. ट्रान्सफॉर्मरचे उदाहरण मला विशेष महत्त्वाचे वाटते. त्याच्या टाकीवर दिसणारा वाइंडिंगच्या (वेटोळ्याच्या) तापमानाचा काटा बहुतेक ठिकाणी वाइंडिंगला स्पर्शही करत नाही. तेलाचे तापमान आणि प्रवाहाच्या प्रमाणात तापणारा एक छोटा हीटर यांवरून तो अंदाज दाखवतो. वेटोळ्यावरचा विद्युतरोधक कागद मात्र खऱ्या तापमानाने जळत असतो. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे साध्या कागदाची झीज ९८ अंशांच्या पुढे दर सहा अंशांना दुप्पट होते. सहा अंशांची चूक म्हणजे निम्मे आयुष्य, आणि तरीही आपण अंदाजावर भागवतो.

या तंत्राच्या मर्यादा लपवून मला त्याची भलामण करायची नाही. अर्बियमच्या दोन रंगांची संवेदनक्षमता निरपेक्ष तापमानाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, त्यामुळे ३०० केल्व्हिनला जे एक टक्क्याहून अधिक असते ते ६०० केल्व्हिनला त्याच्या चौथ्या हिश्शावर येते. लाल झालेला जॉब स्वतःच इतका उजेड टाकतो की चूर्णाचा उजेड त्यात बुडतो. त्यावर मात करायची तर निळसर प्रकाशाचे चूर्ण आणि क्षणाक्षणाचे झोत टाकणारा स्पंदी लेसर घ्यावा लागतो, आणि तो स्वस्त नसतो. जॉब झटकन थंड करण्याच्या (क्वेंचिंगच्या) तेलाचा धूर काचेवर बसतो. चूर्ण धातूला धरून ठेवणारा सिरॅमिकचा लेप तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांत तडकतो. आणि सगळ्यांत मोठी अडचण अंशांकनाची, म्हणजे मोजलेला आकडा ठरलेल्या तापमानाशी पडताळून घेण्याची. चूर्णाच्या प्रत्येक घाण्याचे वागणे किंचित वेगळे असते, म्हणून अॅल्युमिनियम ६६०.३२३ अंशांना आणि चांदी ९६१.७८ अंशांना गोठते यांसारख्या ठरलेल्या बिंदूंशी त्याचा धागा नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेपर्यंत जोडलेला नसेल, तर त्याने दिलेल्या आकड्याला ऑडिटमध्ये कोणी उभे करणार नाही. आमच्या धंद्यात प्रमाणपत्राशिवायचा आकडा म्हणजे नुसते मत.

माझा आग्रह इथेच आहे. पुण्यात पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, इलेक्ट्रॉनिक्ससाठी लागणाऱ्या पदार्थांवर काम करणारी सी-मेट आहे, आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधनाची संस्था आहे, गणेशखिंडीला विद्यापीठाचा भौतिकशास्त्र विभाग आहे. भोसरी, चाकण, पिरंगुट या पट्ट्यात फोर्जिंग, कास्टिंग आणि हीट ट्रीटमेंटच्या भट्ट्या रात्रंदिवस पेटलेल्या असतात. दोन्हींत तासाभराचे अंतर आहे, पण चौतीस वर्षांत आमच्या शॉपमध्ये चूर्ण घेऊन कोणी आले नाही आणि आम्हीही अडचण घेऊन कोणाकडे गेलो नाही, हे मी दोष देण्यासाठी लिहीत नसून जे घडले ते लिहितो. भाचीने तिच्या चूर्णाचे मोजमाप हॉट प्लेटवर स्वच्छ तांब्यावर केले. तिला खवला धरलेले पोलाद कोणी दिलेच नव्हते. आमच्याकडे तसले पोलाद टनाने होते आणि चूर्ण नव्हते. विद्यार्थ्यांच्या प्रबंधांतली काही मोजमापे चालू कारखान्यातील खऱ्या जॉबवर व्हावीत, उद्योजकांच्या संघटनांनी त्यासाठी आपली दारे उघडावीत, आणि शहरातल्या मान्यताप्राप्त अंशांकन प्रयोगशाळांनी थर्मोकपलच्या जोडीला प्रकाशावर चालणाऱ्या तापमापकांचेही अंशांकन सुरू करावे, असे मला मनापासून वाटते. शेवटची गोष्ट झाल्याशिवाय पहिल्या दोन टिकणार नाहीत.

कच्च्या मालाची धास्ती येथे बाळगण्याचे कारण नाही. चुंबकाला ही मूलद्रव्ये किलोने लागतात. नखाएवढ्या ठिपक्याला काही मिलिग्रॅम चूर्ण पुरते आणि त्यातही अर्बियमसारखी महाग मूलद्रव्ये एक-दोन टक्के असतात. केरळ, तमिळनाडू आणि ओडिशाच्या किनाऱ्यांवरील मोनाझाइट वाळूत (डिस्प्रोशियम, अर्बियम यांसारख्या) जड दुर्मिळ मृदा कमी आहेत, हे खरे, परंतु लँथनम आणि सिरियम भरपूर आहे, आणि १९५० पासून सरकारी कंपनी ही वाळू हाताळत आली आहे. लँथनम ऑक्सिसल्फाइडमध्ये किंचित युरोपियम घातले, की खोलीच्या तापमानापासून काहीशे अंशांपर्यंत चालणारे उत्तम चूर्ण तयार होते, हे जगाला दशकानुदशके ठाऊक आहे. ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्याला लागणारा टप्पा नेमका हाच आहे.

आपल्या पत्राद्वारे ही विनंती पाषाण आणि गणेशखिंडीपर्यंत पोहोचावी. एखादी प्रयोगशाळा किंवा एखादा विद्यार्थी आपले चूर्ण प्रत्यक्ष कॉइलमध्ये तपासून पाहायला तयार असेल, तर भोसरीत जागा, जॉब आणि जाणते ऑपरेटर मिळवून देण्याची जबाबदारी मी घेतो. आपल्या कार्यालयामार्फत माझ्याशी संपर्क साधता येईल. वेळ मात्र दुसऱ्या पाळीची ठरवावी. तेव्हा शॉपमधले कॉइलना वीज पुरवणारे सगळे जनरेटर एकाच वेळी चालू असतात, आणि थर्मोकपलचा आकडा सर्वांत जास्त उड्या मारतो तो त्याच वेळी.

आपला,
एक निवृत्त उपकरण तंत्रज्ञ
कोथरूड, पुणे